आजोबा आजाऱ्याला भेटायला जातात

माझे आजोबा हुबळीला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. आंब्याच्या पेट्या, सायकली, एकदा तर कुठल्याशा नाटक कंपनीचं सिंहासन, असं सगळं न मोडता ज्या त्या गावी पोचवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी नवनगरात घर बांधलं आणि त्याच वर्षी मागच्या गल्लीतले एक गृहस्थ वारले. मुलं परदेशात, वसाहत नवी, कुणाची कुणाशी धड ओळख नाही. सगळे अंगणात हाताची घडी घालून उभे होते. पुढे काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आजोबांनी कोट काढून माझ्या बाबांच्या हातात दिला आणि कामाला लागले.

तेव्हापासून नवनगरात कुणी गेलं की पहिला फोन आमच्याकडे. कुणात पुरतात, कुणात जाळतात, कुठल्या घरी कुठला पुजारी चालतो, हे त्यांना तोंडपाठ झालं. कानडी घरात कानडीत, मराठी घरात मराठीत ते त्याच शांतपणे सूचना द्यायचे. लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणत. आमच्या परसात बांबू कायम उभे असायचे. आजीने त्यांवर दोडक्याचा वेल चढवला होता आणि कुणी गेलं की बांबूंबरोबर वेलही उपटून जायचा. "जन्मभर पार्सलं रवाना केली, अजून हौस फिटली नाही," असं ती म्हणायची.

अडचण अशी होती की आजोबांना आजाऱ्यांना भेटायला जायचीही फार आवड. ते मोसंबी सोलून द्यायचे, नोकरीतल्या गमती सांगायचे. पण हळूहळू लोक त्यांना पाहून दचकायला लागले. दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्याने दारात आजोबा दिसताच मुलाचा हात धरून विचारलं म्हणे, डॉक्टर काय म्हणाले ते आता तरी खरं सांग.

आमच्या समोर एक कानडी शाळामास्तर राहायचे, तेही निवृत्त. रोज संध्याकाळी त्यांच्या फाटकाबाहेरच्या सिमेंटच्या बाकावर बसून दोघं वर्तमानपत्रावरून भांडायचे. एका पावसाळ्यात मास्तरांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून बरे होऊन आले, पण उठेनात. डॉक्टर म्हणत होते, आता चाला. मास्तर आपली वेळ भरली असं म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आजोबा भेटायला गेले तर मास्तरांच्या बायकोने त्यांना दारातच थांबवलं.

"ईग ब्याड्री अण्णा, मलग्यार," ती हळूच म्हणाली. आत्ता नको, झोपलेत.

आतून मास्तरांचा खोकला स्पष्ट ऐकू येत होता. आजोबा परत आले आणि चहा न घेता बसून राहिले. मी तेव्हा धारवाडला एम.ए. करत होते. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "त्यांना वाटतं, मी मोजमाप घ्यायला येतो."

आणि चौथ्या दिवशी ते खरोखरच मोजमाप घ्यायला गेले. मास्तरांना बाहेरच्या बाकावर आणून बसवायचंच असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. एका ओळखीच्यांकडे चाकाची खुर्ची होती, ती मास्तरांच्या फाटकातून जाईल का एवढंच पाहायचं होतं. आजोबांनी टेपचं एक टोक मला धरायला लावलं. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडलेत, त्यांना काय दिसणार, असा त्यांचा हिशेब. पण मास्तरांनी नेमकी त्याच वेळी कूस बदलली.

दार उघडलं. बनियन आणि पंचा अशा वेषात, एक हात भिंतीला टेकत मास्तर बाहेर आले. मागून बायको घाबरीघुबरी. पायऱ्या उतरून, अंगण ओलांडून ते थेट फाटकाशी आले.

"एष्टु आतु, अण्णा?" किती भरलं?

आजोबा इतके गडबडले की त्यांनी खरं उत्तर दिलं. "अडतीस इंच."

"मला पुरतील?"

"तुम्हाला नाही हो, खुर्चीला. चाकाच्या. तुम्हाला बाकापर्यंत न्यायचं होतं."

मास्तरांनी बाकाकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. उरलेली चार पावलं चालून ते बाकावर बसले आणि त्यांनी आजोबांना कानडीत यथेच्छ झापलं. आजोबा शेजारी बसून सगळं ऐकत होते. इतकं खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. झापून झाल्यावर मास्तरांनी बायकोकडे उप्पीट मागितलं. ती पदराने डोळे पुसत आत गेली.

ही गोष्ट मास्तरांनीच गावभर केली. मग उलटंच सुरू झालं. आजारी माणसाच्या घरचे लोक आजोबांना बोलवायला यायचे. एक आजीबाई औषध घेत नव्हत्या, त्यांना सुनेने अण्णांना बोलावते एवढंच सांगितलं आणि त्यांनी निमूट गोळी गिळली. याचं मात्र आजोबांना वाईट वाटलं. नंतर ते धारवाडी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले आणि दोन तास बसून आले.

गेल्या वर्षी आजोबा गेले. दुपारी, जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मास्तर काठी टेकत आले आणि संध्याकाळपर्यंत पायाशी बसून राहिले. त्यानंतर रोज आसपासच्या घरांतून आम्हाला जेवण यायचं. कुणी कुणाला विचारायचं नाही, त्यामुळे एका दिवशी सात डबे आले आणि सातही डब्यांत चित्रान्न, तोच लिंबू पिळलेला फोडणीचा भात.

तेरावा झाला तेव्हा स्वयंपाकघरात परक्या डब्यांची रांग लागली होती. एवढ्यात घराबाहेर पडू नये असं आत्याने आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "मग लोकांचे डबे काय नदीत सोडू?" आजी आणि मी निघालो. तासाभराचं काम होतं, पण प्रत्येक घरात तिला बसवून घ्यायचे आणि अण्णांनी आपल्यासाठी काय केलं ते सांगायचे. तिला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी आमची तीनच घरं झाली.

डबे परत करायला आम्हाला पाच दिवस लागले. दोन कुणाचे ते शेवटपर्यंत कळलं नाही. एकात आजी रवा ठेवते, दुसरा अजून रिकामा आहे.