नवसाची बदली

आधी एक सरळ सांगते. अनुभव लिहिणाऱ्यांतली मी नाही. मी पत्रकं लिहिते. धर्मापुरीत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे आणि आमचा पाच-सहा जणांचा एक गट आहे. रस्त्यातले खड्डे, वीजकेंद्राच्या राखेच्या उघड्या गाड्या, शाळेची गळकी खोली, असलं काही दिसलं की माझा हात शिवशिवतो आणि येत्या बाजारच्या दिवशी पत्रक लोकांच्या हातात पडतं. जिथं पुरावा मागता येत नाही तिथं मी जात नाही, हा माझा नियम. काकूला सोमवारी धर्मापुरीतल्याच महादेवाच्या जुन्या देवळात सोडायचे आणि ती बाहेर येईपर्यंत गाडीवर बसून राहायचे. त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतोय. पण जे डोळ्यांसमोर घडलं ते माझ्या नियमात बसत नाही म्हणून झाकून ठेवायचं, तर मग इतरांच्या खोटेपणावर कुठल्या तोंडानं लिहू?

काकू म्हणजे माझी चुलती. मी चौथीत असताना आई गेली. तेव्हापासून माझी वेणी, माझा डबा, माझं आजारपण सगळं तिनं केलं. तिचा एकुलता मुलगा ओंकार माझ्याहून सात वर्षांनी लहान. त्याला लहानपणापासून फौजेचं वेड. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर पळायचा, घरी येऊन दोन भाकरी आणि तांब्याभर दूध संपवायचा. दोनदा भरतीतून परत आला, एकदा छातीत कमी पडला, एकदा पळण्यात. तिसऱ्यांदा झाला. त्या दिवशी काकूनं सगळ्या गल्लीला पेढे वाटले आणि मग चुलीपुढं बसून तासभर कोणाशी बोलली नाही. अभिमान आणि भीती एकाच बाईच्या अंगात एकाच वेळी कशा राहतात ते मी तेव्हा पाहिलं.

ट्रेनिंग संपवून तो सुट्टीवर आला तेव्हा गावानं मिरवणूक काढली. गुलाल, डीजे, जीपवर उभा केलेला आमचा काळाठिक्कर पडलेला ओंकार. चौकात भलंमोठं फ्लेक्स लागलं. त्यावर अकरा पुढाऱ्यांचे फोटो मोजले मी. ओंकारचा फोटो खाली कोपऱ्यात, डाव्या हाताला, पासपोर्ट साइजचा. पहाटे पळताना यातला एकही माणूस त्याच्या सोबत नव्हता. मी तिथल्या तिथं पत्रक लिहायला निघाले होते. ओंकारनं हात धरला. ‘‘ताई, असू दे बे. माझा फोटो तरी हाय ना. लावला न्हाई तर तू अजून एक पत्रक काढशील.’’ मला तो असा ‘बे’ म्हणतो, मी त्याचा मोठा भाऊ असल्यासारखा. त्या दिवशी मी हसले आणि सोडून दिलं. तेवढं एकच पत्रक न लिहिल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

सुट्टी संपली. त्याला वर सरहद्दीवर पोस्टिंग मिळालं होतं. परळीच्या स्टेशनवर गाडी हलली तशी काकूनं पायातल्या चपला काढल्या, पिशवीत टाकल्या आणि म्हणाली, ‘‘महादेवाला बोललेय. पोरगं सुट्टीवर घरी येईस्तोवर पायात कायबी घालणार न्हाई.’’ आमच्याकडं हा नवस नवा नाही. पण काकूला साखरेचा आजार. मी स्टेशनवरच भांडायला लागले. ती ऐकून घेत चालत राहिली.

व्हायचं तेच झालं. कापूस वेचताना पऱ्हाटीचा खुंट बोटाखाली तळव्यात गेला आणि तिला कळलंसुद्धा नाही. चार दिवसांनी फरशीवर डाग दिसले तेव्हा मी पाय उलटा करून पाहिला. परळीच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखरेमुळं पायाची जाणीव कमी झालीये. रोज ड्रेसिंग करा, चप्पल घाला, नाहीतर बोट काढायची वेळ येईल. काकू ड्रेसिंगला यायला लागली, पण चप्पल नाही म्हणजे नाही. पट्टी बांधलेला पाय तसाच मातीत.

आणि मग मी माझ्या स्वभावाप्रमाणं केलं. घरात ऐकत नाही ना, मग गावाला सांगते. पत्रक काढलं. पाय कुजवणारी भक्ती, असं वर ठळक अक्षरात. नाव घातलं नव्हतं. ‘तालुक्यातल्या एका जवानाची आई’ एवढंच होतं. लिहिताना लई भारी वाटलं. एक अक्षरही खोटं नव्हतं. पण ज्या गावातून एकच पोरगा फौजेत गेलाय, तिथं नाव न घातल्यानं काय झाकलं जातं? बाजारातून कोणीतरी तो कागद घरी आणला आणि शेजारणीनं काकूला मोठ्यानं वाचून दाखवला.

मी घरी आले तेव्हा काकू उंबऱ्यात बसली होती. रागावलेली नव्हती, तेच वाईट. ‘‘माझा पाय तू बाजारात मांडलास,’’ एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिनं ड्रेसिंगला जाणं बंद केलं. ‘‘आता गेले तर लोक म्हणतील, पत्रक वाचून भ्याली. देवाला बोललेलं मोडलं. तिकडं माझ्या लेकराला काय झालं तर?’’ माझ्या खऱ्या अक्षरांनी तिचा उपचार थांबवला. मी समजावलं, पाया पडले, रडले. ती जेवायला वाढायची, पण पायाला हात लावू द्यायची नाही. त्यातच ओंकारचा फोन बंद झाला. आठवड्यातून दोनदा यायचा तो दहा दिवस झाले तरी नाही. अकरा, बारा. टीव्हीवर माणसं सरहद्दीच्या बातम्या ओरडत होती, म्हणून मी टीव्हीची वायर काढून ठेवली. काकू आता लंगडत होती आणि पट्टीला वास यायला लागला होता.

त्या सोमवारी ती एकटीच देवळाला चालत निघाली. गाव ते धर्मापुरी दीड कोस. मी गाडी घेऊन मागून गेले आणि तिच्या चालीनं शेजारून गाडी चालवायला लागले.

‘‘काकू, बस. नवस चपलेचा हाय, गाडीचा न्हाई.’’

‘‘तुझ्या गाडीवर बसले तर तू त्येचंबी पत्रक काढशील.’’

‘‘न्हाई काढणार.’’

‘‘तुझा काय भरवसा. पेट्रोल संपंल, जा दुकानावर.’’

निम्म्या वाटेवर तिला चक्कर आल्यासारखं झालं तेव्हा बसली, माझ्या खांद्याला न धरता.

ती देवळात गेली. मी नेहमीसारखी बाहेर. पण त्या दिवशी मला गाडीवर बसवेना. मी उठून पायरीशी गेले. एवढं जुनं देऊळ, दगडावर दगड, बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती झिजलेल्या. एरवी मी तिथं नुसती पडझड मोजते आणि अर्ज लिहिते. त्या दिवशी मोजायला काही सुचलं नाही. माझ्याकडं मुद्दे होते, कागद होता, डॉक्टरांचं म्हणणं होतं, सगळं वापरून झालं होतं आणि प्रत्येक गोष्टीनं काम बिघडवलंच होतं. मी हात जोडले की नाही आठवत नाही. मनात एवढंच म्हटलं, मला काही कळत नाही, आता तू बघ. प्रार्थना म्हणण्याइतकंही ते नीट नव्हतं. हात टेकले, एवढंच.

काकू बाहेर आली आणि नळाशी पाय धुवायला वाकली. तिथं पिंपळाच्या पारावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा सदरा, शेजारी कापडी पिशवी. आम्ही त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. ते उठून आले आणि काकूला म्हणाले, ‘‘ताई, उजवा पाय वर घ्या.’’

विनंती नव्हती ती, हुकूम होता. काकूनं, जिनं इतके दिवस मला पायाला हात लावू दिला नव्हता, मुकाट्यानं पाय पारावर ठेवला. म्हातारे खाली गुडघ्यावर बसले. पट्टी सोडली, पाहिलं, बोटं एकेक करून तपासली.

‘‘पोरगं फौजेत हाय?’’

‘‘व्हय. तुमाला कसं कळलं?’’

‘‘मीबी तिकडंच नोकरी केली. अशा पायाच्या आया मी वळखतो.’’ मग म्हणाले, ‘‘फौजेत लांब चालून आलं की साहेब काय करतो ठावं हाय का? जवानांना बूट काढायला लावतो आन् असा खाली बसून एकेकाचा पाय बघतो. ज्यानं पाय जपला न्हाई त्येला बोलणी बसतात. तुमचं पोरगं तिकडं पाय जपतंय, तुमी हिकडं कावून नासवायलाव?’’

‘‘नवस हाय, दादा.’’

म्हाताऱ्यांनी पट्टी घडी करून बाजूला ठेवली. ‘‘माझी आईबी बोलली हुती. मी सुखरूप आलो. पर मला आणायला फाट्यापर्यंत यायला तिला पाय ऱ्हायला नव्हता.’’

पाण्याचा नळ तसाच चालू होता, तो मी बंद केला. मग काकू अगदी हळू म्हणाली, ‘‘पर आता मोडला तर?’’

‘‘मोडायचा कशाला? बदली करायची. फौजेत माणूस एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जातो, नोकरी तीच ऱ्हाती. पायावरचा नवस दुसरीकडं न्या. आत जाऊन त्याला सांगून या. तो काय आडमुठा हाय का?’’

काकू परत आत गेली. या वेळी मीही मागं गेले. तिनं पिंडीपुढं डोकं टेकलं आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलली. ‘‘महादेवा, चपला घालते. त्याच्या जागी च्यातली साखर सोडते. पोरगं तुझं.’’ चहातली साखर सोडा म्हणून डॉक्टर चार वर्षं सांगत होते. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. ‘पोरगं तुझं’ म्हणताना तिचा आवाज हलला नाही.

बाहेर त्या गृहस्थांनी पिशवीतला धुतलेला रुमाल बांधून दिला आणि मला म्हणाले, ‘‘आज म्हंजे आजच दवाखाना. उद्या न्हाई.’’ काकूच्या चपला घरी होत्या. मी माझ्या काढून तिच्या पायात घातल्या. नळापासून गाडीपर्यंत फरशी तापलेली होती. तेवढ्या साठ-सत्तर पावलांत मला चटके बसले आणि ही बाई तीन महिने यावरून चालली, हे मला पत्रक लिहून नव्हे तर तिथं समजलं.

गाडीवर मी म्हटलं, ‘‘काकू, चुकले मी.’’

या वेळी तिनं खांदा धरला होता. ‘‘लिहिलेलं खोटं नव्हतंच. पर आधी मला वाचून दाखवायचं हुतंस, बाई.’’

डॉक्टरांनी सांगितलं, अजून आठवडा गेला असता तर बोट वाचलं नसतं. महिनाभर ड्रेसिंग चाललं. जखम भरली. त्या गृहस्थांना मी पुढचे दोन सोमवार शोधलं. पारावर विचारलं, दुकानांत विचारलं. कोणाला ठाऊक नव्हते. काकू म्हणाली, ‘‘कावून हुडकती? त्यांचं काम हुतं, करून गेले.’’

देवळातून आल्यावर तिसऱ्या दिवशी ओंकारचा फोन आला. त्याला अजून वरच्या ठाण्यावर नेलं होतं, तिथं फोन लागत नव्हता. काकूच्या हातात मी फोन दिला, स्पीकर चालू होता. त्याचं पहिलं वाक्य, ‘‘आई, तुझे पाय कसे हायेत?’’

जखमेचं त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी नाही, काकूनं तर मुळीच नाही. काकूनं विचारलं, ‘‘असं कावून इचारतोस?’’ तर म्हणाला, ‘‘काय न्हाई. परवा साहेबांनी आमचे पाय बघितले. माझ्यापुढं खाली बसले, तवा एकदम तुझ्या टाचा आठवल्या.’’

परवा म्हणजे नक्की कोणता वार, हा प्रश्न माझ्या ओठावर आला होता. मी पुरावा मागणारी मुलगी. हाताशी फोन, समोर साक्षीदार. पण मी विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही. कळलं असतं तर मी त्याचा मुद्दा केला असता, एका बाजूचा नाहीतर दुसऱ्या बाजूचा. मला जे मिळालं होतं ते तसंच हातात राहू द्यावंसं वाटलं.

पत्रकं मी अजून लिहिते. परवाच राखेच्या गाड्यांवर लिहिलं, चांगलं तिखट. त्या जुन्या पत्रकाच्या उरलेल्या गठ्ठ्याच्या कोऱ्या बाजूवर साखरेचा आजार असलेल्या माणसानं पाय कसे तपासावेत ते छापून वाटलं. छापण्याआधी काकूला वाचून दाखवलं. तिनं दोन शब्द बदलले. लढणं सोडायचं असं मी शिकले नाही. जिथं माझा हात पोचत नाही तिथं तो ओढून न नेता उघडा ठेवायचा, एवढं शिकले. आणि त्या दिवशी पायरीशी मी जे मोडकंतोडकं बोलले ते कोणी ऐकलं असेल, तर त्याचे मी मनापासून उपकार मानते.

ओंकार सुट्टीवर आला त्या दिवशी काकू सकाळपासून तयार होती. मी गाडी काढली तर म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ दे. मी चालत जाणार.’’ गावापासून फाटा अर्धा कोस. पिशवीत थर्मास, त्यात साखरेचा चहा, पोराच्या हातून एक घोट घेऊन नवस फेडायचा म्हणून. ती पुढं, मी मागं. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. सबंध वाटभर तिच्या चपलांचा आवाज ऐकत चालले, दोन्ही पायांचा, सारखा.