दोरीवरची पिवळी पॅन्ट

धाकट्या दिराने आपली पांढरी सुती पॅन्ट माझ्या पुढ्यात ठेवली आणि मोबाइलवरचे एक दृश्य मध्येच थांबवून दाखवले. माझ्या मनात आधी संशय आला, रंगाचा विचार नंतर.

दृश्य एका तेलुगू चित्रपटातले होते. शेताच्या बांधावर नायक नाचत होता. अंगात पांढरा सदरा आणि खाली सैल, पिवळी पॅन्ट. पिवळी म्हणणेही अपुरेच. तो लिंबाचा पिवळा नव्हता, झेंडूचाही नव्हता. उन्हाने पाझरू लागलेल्या गुळाच्या कडेला जो रंग धरतो, त्याच्या जवळचा होता.

“वैनी, हाच रंग पायजे. आदिलाबादचा समदा बाजार पाह्यला, नाही भेटला.”

“कशाला पाहिजे?”

“रील करून राह्यलो आमी. दुकानातले दोस्त. येत्या रविवारी.”

“नेमके याच आठवड्यात?”

“तुमी काऊन अशा पाहून राह्यल्या? पोलीस हाय का तुमी?”

पोलीस नव्हते, पण त्या आठवड्यात आमच्या घरातल्या प्रत्येकाने थोडेसे पोलीस व्हावे अशीच वेळ होती. दीर इचोड्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जातो. नोकरी सरकारी नाही, म्हणून कित्येक घरांनी आमचा चहा पिऊन गोड शब्दांत नकार कळवला होता. यंदा सीमेपलीकडच्या एका गावातून स्थळ आले आणि फोटो पाहून मुलीने चक्क नाही म्हटले नाही. तेवढ्यावर हा गडी पार बदलला होता. जेवताना घास हातातच राही, आणि फोन वाजला की सगळ्यांआधी त्याचे कान वळत. त्याला ती मुलगी हवी होती. हे त्याने कोणाला सांगितले नव्हते आणि घरात कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही.

मुलीला आई नाही. मावशीने वाढवलेली, त्यामुळे शेवटचा शब्द मावशीचा. ती घर पाहायला येणार होती. कधी, ते मुद्दाम कळवलेले नव्हते. न सांगता येणारा पाहुणा घर पाहायला येत नाही, घराचे बेसावधपण पाहायला येतो. अशा दिवसांत याला नायकाची पॅन्ट कशाला हवी? नटायचे ते नेमके कोणासाठी? मी पॅन्ट हातात घेतली. कोरी, घट्ट विणीची होती, बोटांना कोरड्या पिठासारखी लागत होती. घडी उलगडली तरी पॅन्टने काही सांगितले नाही.

बाजारच्या पुडीतला रंग आधी वापरून पाहिला. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यातून कापड निघाले ते फिकट, लिंबाळलेले. दिराने मोबाइल शेजारी धरला आणि तोंड पाडले. मग मी तामसीच्या वाटेवरच्या पळसाखालून फुले वेचून आणली. ती रात्रभर भिजवून सकाळी अंगणातल्या चुलीवर मोठ्या भगुण्यात उकळली. पळसाला फुलांचा म्हणावा असा वास नसतो. उकळताना तर ओल्या गवताचा, किंचित आंबट दर्प सुटतो आणि डोळ्यांना पाणी येते. गाळलेल्या पाण्यात तुरटी विरघळवली, पॅन्ट बुडवली, काठीने वरखाली केली. ओली असताना रंग अगदी चित्रातला दिसे. पिळून उजेडात धरली की त्यातला जीव निघून जाई. शेवटी मी स्वयंपाकघरातून मूठभर हळद आणली आणि सोडली त्या पाण्यात.

ओट्यावरून सासूबाई बघत होत्या. “पॅन्ट रंगवून राह्यली का वरण शिजवून राह्यली वं?”

“दोन्ही, आई.”

“मंग मिरची राहून गेली तुही.”

मागच्या अंगणात दोरीखाली मिरच्या वाळत घातल्या होत्या; ओल्या कापडाचे पाणी त्यांच्यावर गळले असते. म्हणून पॅन्ट पुढच्या दोरीवर गेली, रस्त्याच्या बाजूला, भर उन्हात. रंग जमला होता. वाऱ्याने पाय हलत, तेव्हा वाटे, कोणी अदृश्य माणूस दोरीला लटकून नाचतो आहे.

दुपारी शेजारच्या काकू फाटकाशी आल्या. आत आल्या नाहीत. पॅन्टकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“काऊन वं, सांगतलं बी नाही? शेजाऱ्यायले तरी दोन अक्षता द्याच्या होत्या.”

“कसल्या अक्षता, काकू?”

“हळद लागली ना पोराले. दिसूनच राह्यलं.”

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, मी दोरीवर काय टांगले होते. आमच्याकडे हळदीला नवरदेव पांढरे सुती कपडे घालतो. हळद होते, कपडे पिवळे होतात, आणि मग ते दाराच्या दोरीवर वाळतात. पत्रिका कोणाला मिळो न मिळो, गावाला लग्न कळते ते त्या दोरीवरून. चैत्र-वैशाखात पांढऱ्याचे पिवळे झालेले पुरुषाचे कापड म्हणजे साक्षीदार लागत नाही, असे इथले सगळेच मानतात. मीही मानत आले आहे.

मी रील सांगितले, चित्रपट सांगितला, पळस सांगितला. काकूंनी सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “बरं बरं.” या दोन शब्दांत आमच्या गावात जितका अविश्वास मावतो, तितका शिवीतही मावत नाही.

दिवस कलेपर्यंत बातमीला पाय फुटले. दिराने बासरला देवीपुढे गुपचूप लग्न उरकले. मुलगी दुसऱ्या जातीची. घरच्यांनी नाइलाजाने हळद लावली. त्यातले काहीच खरे नव्हते. तरी माझ्या मनात संशय चाळवला, कारण महिन्याभरापूर्वी तो बासरला खरेच गेला होता. मित्राच्या लेकराचा अक्षराभ्यास आहे, देवीपुढे पहिले अक्षर गिरवायचे आहे, म्हणाला होता. त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मी त्याला पाणी देताना त्याची नखे पाहिली. पिवळी होती! मग आठवले, सकाळी पॅन्ट पिळायला त्यानेच हात लावला होता.

“भाऊजी, त्या बासरला कोण कोण होतं?”

“तुमी बी, वैनी?” तो म्हणाला, आणि पाण्याचा पेला तसाच ठेवून आत गेला.

दुसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर असताना, मावशी आली. बसमधून उतरून घरापर्यंत येण्याआधीच तिच्या कानावर पडायचे ते पडले होते, हे तिच्या चालण्यावरून कळत होते. पॅन्ट मी आत घेतली नव्हती. आत घेतली असती तर लपवल्यासारखे झाले असते. बाहेर ठेवली तर मिरवल्यासारखे. सासूबाईंनी पाटावर बसा म्हटले, मी पाणी पुढे केले. मावशीने पेल्याला हात लावला नाही. ती थेट दोरीपाशी गेली, पॅन्टचा पाय हातात घेतला आणि नाकाशी नेला.

“हळदच हाय.”

“मूठभर घातली आहे, मावशी. रंग गडद व्हावा म्हणून. बाकी पळस आहे.”

“मले काय शिकवता बाई? आमच्या पोरीले कोणाची उष्टी हळद लावता तुमी?”

नवरदेवाला लागलेली हळद उरते, ती नवरीला लावतात. त्या एका वाक्यात तिने माझ्या दिराला दुसऱ्या कोणाचा तरी नवरा करून टाकले होते. तो दारात उभा होता. चेहरा त्या पॅन्टहून पिवळा. मोबाइल पुढे करून तो चित्रपट दाखवू लागला, तशी मावशी म्हणाली, “मोबाइलात काय, काई बी दिसते.”

तिच्या शब्दांपेक्षा तिची बोटे मला काही तरी सांगत होती. ती गुडघ्यावर फिरत होती, डाग शोधत होती. हळद लावणाऱ्या बायकांच्या हाताची बोटे कापडावर उमटतात. मांडीवर, गुडघ्यावर ठसे गडद असतात, मागची बाजू बहुतेक पांढरी राहते. मी पॅन्ट दोरीवरून काढली आणि तिच्यासमोर उलटी केली. शिवणी आतूनही पिवळ्या होत्या. मग दोन्ही खिसे ओढून बाहेर काढले. गाईच्या कानांसारखे ते लोंबले, तळापर्यंत त्याच एका रंगाचे.

“मावशी, नवरदेवाच्या खिशात हात घालून हळद कोण लावतं?”

मावशीने खिसा चिमटीत धरला, उजेडाकडे फिरवला, कोपऱ्यातली शिवण नखाने उसवल्यासारखी पाहिली. मग सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, “माह्या नवऱ्याच्या खिशात तर हळदीच्या दिवशी सुपारी बी नव्हती.”

मावशीच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिने पाणी घेतले. पण होकार दिला नाही. निघताना म्हणाली, “हे पॅन्ट संग द्या. घरी माही बुढी माय हाय, तिले दाखवा लागन. पोरीले बी.”

रविवारी मित्रांच्या रीलमध्ये दीर निळ्या जीन्समध्येच नाचला. नाचला म्हणजे हातपाय हलवले. निरोप येत नव्हता. मला त्या शांततेचाही संशय येऊ लागला होता.

मग एका संध्याकाळी पॅन्ट परत आली, बसने, पिशवीत घडी घालून. उलगडली आणि मी थबकले. पिवळ्यावर सगळीकडे तांबूस झाक चढली होती. साबण लागला की हळद तांबडी होते, हे कुठल्या घरात ठाऊक नसते? कोणी तरी ती जाणूनबुजून साबणाने धुतली होती. हातांचे ठसे असते तर ते तांबडे होऊन उठून दिसले असते. ठसे कुठेच नव्हते. तांबूसपणा कमरेच्या पट्टीपासून पायाच्या दुमडीपर्यंत सारखा पसरला होता.

“बुढीनं धुतली असंल,” सासूबाई म्हणाल्या.

दिराचा फोन वाजला. तो अंगणाच्या टोकाला जाऊन बोलला, आणि परत आला तेव्हा हसू त्याला आवरत नव्हते.

“गुरुवारी या म्हणते मावशी, पोरगी पाहाले. अन् पॅन्ट पोरीनंच धुतली, वैनी. मावशीवर भरोसा नाही म्हणे तिचा.”

मी ती तांबूस पॅन्ट हातावर घेऊन उभी राहिले. माझी होणारी जाऊ अजून मी पाहिली नव्हती. पण ती घरात येईल तेव्हा काय काय झाकून ठेवावे लागेल, याचा विचार मात्र त्याच क्षणी सुरू झाला.