दार ओढून घे, शुभांगी

डॉ. कुमुदिनी शेवडे, म्हणजे आपणा सर्वांच्या बाई, यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. बाईंच्या पदव्यांवर, त्यांनी गावोगाव घेतलेल्या शिबिरांवर लिहायला त्यांचे विद्यार्थी आहेत, सगळे मोठे डॉक्टर. मी पडले दवाखान्यातली मदतनीस. नंबर लावायचे, दातांचे साचे धुवायचे आणि रांग मोडणाऱ्यांवर ओरडायचं, एवढंच मी अठ्ठावीस वर्षं केलं. पण समितीतले एक डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, "बाईंनी कबूल केलेल्या त्या एका चुकीवरही आम्ही कुणाला तरी लिहायला सांगतोय. केवढा मोठेपणा!" तेव्हा मी म्हटलं, द्या तो कागद इकडे. ती चूक कुणाची होती ते मला ठाऊक आहे.

पहिली भेट सांगते. मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर बाईंचा दवाखाना होता. वेडेवाकडे दात आणि जबडे सरळ करणाऱ्या डॉक्टर तेव्हा रत्नागिरीत त्या एकट्याच. मी बी. ए. होऊन घरात बसले होते. बाईंनी माझी गुणपत्रिका पाहिलीसुद्धा नाही. चष्म्यावरून बघत विचारलं, "तुला माणसांना दाराबाहेर थांबवता येईल का?"

"गोड बोलून की भांडून?"

"जसं जमेल तसं."

"भांडून जमेल," मी म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले.

हे दाराचं प्रकरण काय, ते मला आठवड्याभरात कळलं. आपल्याकडे मुलाचे दात दाखवायला अख्खं घर येतं. आई, बाबा, आत्या, कधी शेजारीणसुद्धा. बाई सगळ्यांसमोर तपासत, साचे घेत, फोटो काढत. मग पर्याय सांगत. नुसत्या तारा लावल्या तर दात हलतील, जबडा जिथे आहे तिथेच राहील. जबडाच पुढे किंवा मागे असेल तर आधी तारा, मग ऑपरेशन, मग पुन्हा तारा. लोक विचारत, "खर्च किती?" बाई आकडा सांगत आणि पुढे म्हणत, "हा झाला पैशांचा. आता बाकीचा ऐका." दर महिन्याला यायचं म्हणजे वेळणेश्वरच्या माणसाचा फेरीबोटीत आणि एसटीत अख्खा दिवस जाणार. ऑपरेशननंतर महिना-दीड महिना पेज आणि सार, चावायचं काही नाही. आणि खालचा ओठ बधिर होऊ शकतो, कधी काही महिने, कधी कायमचा. हे शेवटचं त्या कधीही हळू आवाजात सांगत नसत.

इतकं झालं की त्या मला हाक मारत, "दार ओढून घे, शुभांगी." आत फक्त बाई आणि ज्याचा जबडा आहे तो. बाकी सगळे बाहेर, माझ्या ताब्यात. किती बापांनी मला दटावलंय! "माझ्या पोराचं तुम्ही मला न विचारता ठरवणार?" मी म्हणायची, "तुमचं तोंड उघडायची वेळ आली की तुम्हालापण एकट्यालाच आत घेऊ. बसा गप." बाईंच्या कानावर हे जाई, पण त्या मला कधी रागावल्या नाहीत.

हातखंब्याचे एक हॉटेलवाले होते. त्यांना मुलाचं ऑपरेशन करूनच घ्यायचं होतं, पोरगा गल्ल्यावर बसला की गिऱ्हाईक बघून हसतं म्हणाले. बंद दाराआड तो मुलगा बाईंना म्हणाला, "मला चावायला काही त्रास नाही, बोलायला नाही. मला फक्त बाबांनी सारखं सांगायचं थांबवायला हवंय." बाईंनी बाहेर येऊन त्या गृहस्थांना ऑपरेशन नको आहे, एवढंच सांगितलं. गृहस्थ तावातावाने जिना उतरून गेले. तोच मुलगा आज ते हॉटेल चालवतो. जबडा आहे तसाच आहे आणि तोंडभर हसतो. हे त्यानेच मला सांगितलं, एरवी आतलं बोलणं मला कधीच कळलं नाही. बाईंनी ते कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता माझ्या मुलीचं सांगते. ऋतुजाचा खालचा जबडा लहानपणापासून पुढे. पुढचे दात एकमेकांना टेकत नसत. पेरू दाताने तोडता येत नसे, बाजूच्या दाढांनी कुरतडायची. शाळेत पोरं काय काय नावं ठेवायची ते इथे लिहीत नाही. ती सोळा वर्षांची झाली तेव्हा बाईंनी तिला तपासलं. म्हणाल्या, "शुभांगी, हे जबड्याचं आहे. अजून वाढ चालू आहे. दोन वर्षं थांबू, मग ऑपरेशनचा विचार करू."

ऑपरेशन म्हटल्यावर मी पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही. मिस्टर बोटीवर, आठ-आठ महिने घरी नसायचे. जबडा कापायचा, सरकवायचा, पट्ट्यांनी बसवायचा! इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना मी हे सगळं हसत समजावत होते. स्वतःच्या मुलीची वेळ आली तेव्हा सगळं ज्ञान कुठे गेलं कोण जाणे. मी बाईंच्या मागेच लागले. नुसत्या ताराच लावा, खालचे दोन दात काढा, पुढचे दात मागे ओढा, जमतं ना असं? बाई म्हणाल्या, "दिसायला जमेल. टिकेल याची खात्री नाही."

ठरवायच्या दिवशी त्या नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "दार ओढून घे, शुभांगी." मी दार ओढून घेतलं. पण आतून. मी आतच उभी राहिले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू बाहेर थांब."

"बाई, मी काय परकी आहे?"

तेव्हा त्यांनी मला हाताला धरून बाहेर काढायला हवं होतं. मी शेकडो लोकांना काढलंय. पण सोळा वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते, त्यांच्या आजारपणात त्यांना पेज करून घातली होती. बाईंना माझा शब्द मोडवला नाही. त्यांनी माझ्यासमोरच ऋतुजाला विचारलं, "तुला काय हवंय?" ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई म्हणेल तसं."

अडीच वर्षं तारा होत्या. सुटल्या त्या दिवशी मी पेढे वाटले. दात मोत्यांसारखे रांगेत! पण जबडा काही पेढे खाऊन थांबत नाही, तो हळूहळू पुढे येतच राहिला. मागे ओढलेले दात आत झुकले, हिरड्या उतरल्या, मुळं आखूड झाली. कानाजवळ दुखायला लागलं, जांभई दिली की कट्‌कन आवाज. तेविसाव्या वर्षी ती पुन्हा बाईंच्या खुर्चीत बसली. आता ऑपरेशन करायचं तर आधी केलेलं सगळं उलटं करायचं होतं. पुन्हा तारा, आणि मागे ओढलेले दात पुन्हा पुढे. म्हणजे ऑपरेशनआधी दीड वर्ष चेहरा आणखी विचित्र दिसणार. काढलेले दोन दात तर परत येणार नव्हतेच.

बाईंनी तिचा केसपेपर काढला आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यावर लिहिलं, "पहिला निर्णय चुकला. मी मुलीला एकटीला विचारलं नाही." खाली सही केली आणि कागद ऋतुजाच्या हातात दिला. माझं नाव त्यात नव्हतं. पुढे त्या डॉक्टरांच्या सभांमधून हे सांगत राहिल्या, तिथेही माझं नाव कधी आलं नाही. ऐकणारे टाळ्या वाजवत आणि मी मागे बसून साडीच्या पदराशी चाळा करत असे.

केसपेपरवर लिहिलं त्या दिवशी मात्र मी कुणी न सांगताच बाहेर गेले. पाऊण तास दार बंद होतं. आत काय बोलणं झालं ते मला आजतागायत माहीत नाही. ऋतुजा बाहेर आली आणि म्हणाली, "आई, मी ऑपरेशन करणार आहे. ओठाचं मला सगळं सांगितलंय त्यांनी."

ऑपरेशन मुंबईला झालं. पासष्टी ओलांडलेल्या बाई सहा दिवस तिथे आमच्याबरोबर राहिल्या. ऋतुजाचे जबडे रबरांनी बांधलेले, चेहरा सुजलेला, बोलता येत नाही. मला तर तिच्याकडे बघवतच नव्हतं. बाई सुई नसलेल्या सिरिंजने तिला गाळलेली पेज भरवत. एकदा मी म्हटलं, "तुम्ही कशाला, मी करते." बाई म्हणाल्या, "तू रडतेस. सांडेल." खरंच सांडलं असतं.

आज ऋतुजा तीस वर्षांची आहे, शाळेत शिकवते. दात टेकतात, पेरू तोडते. पण खालच्या ओठाची डावी बाजू गेली ती गेलीच. जेवताना शीत चिकटलं तर तिला कळत नाही, म्हणून दर दोन घासांनी बोट ओठावरून फिरवते. मी समोर बसलेली असले की मला ते बघवत नाही. तू थांबली असतीस तर मी एकदाच्या तारांत आणि ऑपरेशनात सुटले असते, माझे दोन दात वाचले असते, हे तिने मला कधी ऐकवलं नाही. तिने ऐकवलं असतं तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटतं.

तर समितीच्या सभासदांनो, ज्या चुकीबद्दल तुम्ही बाईंचा मोठेपणा गाता, ती चूक दाराच्या आत उभ्या राहिलेल्या आईची, म्हणजे माझी आहे. बाईंनी सात वर्षं ती स्वतःच्या नावावर वागवली. आता त्यांच्या पंचाहत्तरीला तरी ती ज्याची त्याला परत मिळू दे.

इथे लेख संपवणार होते, पण मागच्या आठवड्यात जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाईंना विचारलंय, त्या "लिही" म्हणाल्या. बाईंच्या हृदयाची झडप खराब झाली आहे. चार पावलं चालल्या की दम लागतो. मुंबईचे डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, पण या वयात धोका आहे. नाही केलं तर किती दिवस, ते कुणी सांगत नाही. पुण्याहून पुतणे आलेत, जुने विद्यार्थी रोज फोन करतात, सगळ्यांचं एकच, करूनच टाका. आणि मी? मी तर त्यांची बॅगसुद्धा भरून ठेवली होती. टॉवेल, गाऊन, चष्म्याचं घर. जित्याची खोड, दुसरं काय!

रविवारी सगळे बाईंच्या खोलीत जमून एकदम बोलत होते. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. तेवढ्यात ऋतुजा आली. जरा वेळ उंबऱ्यात उभं राहून तिने ऐकलं आणि म्हणाली, "सगळे बाहेर व्हा."

पुतणे म्हणाले, "अगं, पण आम्ही घरचे..."

"घरचेसुद्धा." मग माझ्याकडे वळली. "आई, तूपण."

मी बाहेर आले. तिने दार ओढून घेतलं. ओढता ओढता तिचं बोट सवयीने ओठावरून फिरलं, ते मी पाहिलं.

आत काय ठरलं ते हा मजकूर छपाईला जाईपर्यंत मला माहीत नाही. बॅग तशीच कोपऱ्यात आहे, ती भरलेली ठेवू की रिकामी करू तेही मी विचारलेलं नाही. अशा लेखाच्या शेवटी शतायुषी व्हा असं लिहायची रीत आहे, आणि माझ्या मनात दुसरं काही नाही. पण बाई, तुम्हाला किती जगायचंय आणि कसं, हे मी कोण लिहिणार? तुम्ही जे ठरवाल ते सुखाने पार पडो, पुढचे दिवस दम न लागता जावोत, एवढंच मागते. काही लागलं तर हाक मारा. मी दाराबाहेरच आहे.