रवीच्या दांड्याचा सुरा

अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्वदीर्घ माझ्याकडं चौथीपुरतंच आहे, त्याबद्दल आधीच माफी. पण सुरा मी स्वतः केलाय आणि तो अजून कापतो.

त्या दुष्काळात आमचे हे गावच्या सहकारी डेअरीत दूध मापायला होते. मापायला दूधच नव्हतं! घरात हे, मी, सासूबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणते) आणि गाभण म्हैस चंद्री. सोसायटीकडून जनावरामागं उसाची एक मोळी मिळायची. पण चंद्रीचे दात झिजलेले. बारीक तुकडे केले तरच खायची. गावातले धड कोयते ऊसतोडीला गेलेले, त्यांच्यामागं लोहारही गेलेला. गल्लीत एकच कोयता उरला होता, शेजारच्या गंगाबाईचा.

“कोयता देता का, काकू?” मी रोज पदराआडून पुटपुटायची.

“घे की! म्हैस तुजी, धार माजी!” हे ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची.

मी लाजून जायचंच बंद केलं. चंद्री उपाशी राहू लागली.

“येत्या बाजारी नेकनूरला नेतो तिला,” हे म्हणाले. “उपाशी मारन्यापरीस इकलेली बरी.”

“व्यायला महिन्यावर आलीय ती!” मी ओरडले. (मनातल्या मनात. मोठ्यानं मला जमत नाही.)

शेण्यांच्या ढिगामागं एक मोडका कोयता पडला होता. निम्मं पातं, तेही गंजलेलं. चंद्रीच्या तोंडात नव्हते तेवढे दात त्याच्या धारेला पडलेले! हे डेअरीत गेल्यावर मी विटकरीनं गंज घासला, चुलीत शेण्या रचल्या आणि गाल दुखेपर्यंत फुंकणी फुंकली. पातं लाल झालं. सांडशीत धरून दगडावर ठोकून सरळ केलं.

लोहार तापलं पातं पाण्यात बुडवतो, एवढं लहानपणी पाहिलं होतं. पण टँकर यायचा चार दिवसांनी, घरात एक घागर पाणी. ते लोखंडाला कसं पाजायचं? मी आत्याबाईंच्या डोक्याच्या तेलाचा डबा ओढला आणि पातं आत घातलं.

भडका!

“आगं बया, घर पेटलं!” आत्याबाई अंगणात पळाल्या.

गंगाबाई घागर घेऊन धावली. घागर रिकामी! तिच्यामागून आणखी दोघी, त्यांच्याही रिकाम्या. रिकाम्या घागरी धावताना पाहून पुढच्या गल्लीला वाटलं, टँकर आला! बघता बघता आमच्या दारापासून मारुतीच्या पारापर्यंत रांग लागली. धुराकडं कुणी बघेना.

“माजा नंबर हाय!”

“तुजी कळशी मागनं आली, म्या बघितली!”

“पाइप कुठाय पाइप?”

मी डब्यावर परात पालथी घालून आग विझवली आणि कणगीमागं लपले. तेवढ्यात हेही पळत आले. दोन्ही हातांत डेअरीचे रिकामे कॅन!

“टँकर कुठाय?”

“तुमच्या चुलीत!” गंगाबाई म्हणाली.

हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. बरंच झालं, मला काम होतं. पातं टणक झालं होतं, आता मूठ हवी होती. घरातलं सुटं लाकूड सगळं आधीच चुलीत गेलेलं. खुंटीवर मात्र आत्याबाईंची माहेरची रवी होती. दूध नाही, ताक नाही, दोन वर्षं नुसती लटकलेली. तिच्या लांब, नक्षीदार दांड्याची मी वरून एक वीत कापली आणि उरलेल्या टोकाला फडकं बांधून रवी होती तशी टांगली. पात्याचं शेपूट तापवून त्या दांड्यात ठोकलं, तारेनं आवळलं आणि धार लागेपर्यंत पातं दगडावर घासलं.

बाजाराच्या सकाळी हे दावं सोडायला आले, तर मी ऊस कापत होते. खचाखच! आणि चंद्री मान वर न करता खात होती.

“ह्ये कुठनं आणलं?”

“केलं,” मी म्हणाले. लग्नानंतरचं माझं सगळ्यात लांब भाषण!

यांनी धारेवर अंगठा फिरवला. मग अंगठ्याला चिंधी बांधून एकटेच बाजारात गेले आणि चंद्रीसाठी पेंड घेऊन आले.

आठवड्यानं गंगाबाई दारात. “सुरा देती का गं? माजा कोयता बोथाटलाय.”

“घ्या की, काकू. ऊस तुमचा, धार माझी!” (हे मात्र मोठ्यानं.)

चंद्री व्याली. घरात दही लागलं. आत्याबाईंनी कौतुकानं रवी काढली, डेऱ्यात सोडली, तर दोरी गुंडाळायला दांडाच पुरेना!

“आगं, दुष्काळात रवी बी वाळली का काय?”

“लाकूड आवळतं म्हणे,” मी म्हणाले. सुरा नेमका माझ्या हातात होता. आत्याबाईंनी मुठीवरची नक्षी पाहिली, रवीवरची पाहिली.

“माज्या म्हायेरची रवी आन माज्या डोक्याचं त्याल. साठ रुपये टाक!”

डेअरीचे पैसे आले की मी दर हप्त्याला पाच रुपये त्यांच्या हातावर ठेवत गेले. शेवटी सगळे फिटले. हिशोब ठेवायला अर्थात मीच, चौथी पास! पुढं वहीतल्या रेघा मोजल्या, तर हप्ते तेरा.

“आत्याबाई, पाच रुपये जास्त गेले की!”

शाळेचं तोंडही न पाहिलेल्या आत्याबाई माझ्याच सुऱ्यानं कांदा चिरत म्हणाल्या, “ती तुला मोजायला शिकिवल्याची फी.”