परसातला वॉर्ड

आमच्या सासूबाईंना सगळी गल्ली ‘सिस्टर’ म्हणते. त्यांना निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी भाजीवाला अजून "सिस्टर, आज पालक ताजा आहे बघा" असंच म्हणतो. त्यात त्याचा दोष नाही. तो स्वतः यांच्या हातावर जन्मला आणि त्याची बायकोही यांच्याच हाती बाळंत झाली. सासूबाईंची उभी हयात बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. नोकरी संपल्यावर हात रिकामे राहवेनात, तेव्हा त्यांनी परसात कोंबड्या पाळल्या. म्हणजे पाळल्या असं आपलं आम्ही म्हणतो. त्यांनी खरं तर तिथे वॉर्ड उघडलाय.

कोंबड्यांना नावं नाहीत. पेशंटला नावाने हाक मारली की जीव गुंततो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून एक ‘दारातली’, एक ‘खिडकीची’, एक ‘कोपऱ्यातली’, अशी जागेवरून ओळख. जीव गुंतायचा तो गुंतलाच, ती गोष्ट वेगळी. कोपऱ्यातली म्हणजे एक म्हातारी तपकिरी कोंबडी, भांडखोर आणि महा आगाऊ. ती अंडं घालायला बसली की आमच्या सिस्टर जाळीबाहेर बादली पालथी घालून बसणार आणि हळूच म्हणणार, "घाई नाही हं. सावकाश."

"अहो आई, ती कोंबडी आहे," मी एकदा म्हटलं.

"बाई आहे," त्या म्हणाल्या. विषय संपला.

अंडं पडलं की ते कोमट अंडं तळव्यावर घेऊन त्या घरात यायच्या आणि एवढंच सांगायच्या, "सुखरूप आहे." हे वॉर्डातलं. बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना मुलगा की मुलगी हे त्या आधी कधीच सांगत नसत. पहिला शब्द हाच. बाकीच्या चौकशा मग.

यंदा थंडी जरा लवकरच आली. एका सकाळी खुराड्यातलं गारढोण झालेलं पाणी बदलायला निघालेल्या सासूबाई मागच्या पायरीवर दहिवरावरून घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. प्लास्टर घातलं. माझा नवरा त्यांचा एकुलता एक. तो तर हादरलाच. "आई, आता पुरे झालं. घर बंद कर आणि आमच्याकडे चल," म्हणाला. आम्ही राहतो गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. तिथे परस नाही, कोंबड्यांना तर मुळीच जागा नाही.

"आणि माझे पेशंट?"

"देऊन टाकू कुणाला तरी. तसंही थंडीत अंडी कुठे देतात त्या?"

झालं! सासूबाईंच्या वर्मावरच बोट ठेवलं त्याने. त्या ताठ बसल्या. "माझ्या कोंबड्या थंडीभर अंडी देतील. सबंध आठवडा एकही अंडं मिळालं नाही, तर मी आपणहून बोचकं बांधून येईन. पण तोवर मला कुणी जागचं हलवायचं नाही." याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पण सासूला तसं तोंडावर सांगणारी सून अजून जन्मायची आहे.

नवरा छापखान्यात आहे. वर्ष सरत आलं की कॅलेंडरांची घाई सुरू होते आणि त्याला मान वर करायला फुरसत नसते. त्यामुळे लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी ज्या पडद्यांच्या दुकानात काम करते, ते सासूबाईंच्या घरापासून दोनच गल्ल्यांवर आहे. रोज संध्याकाळी मी जायची, पाणी भरायची, पेंढा बदलायची. त्या एका हाताने माझ्यावर देखरेख करायच्या. जुने स्वेटर कापून त्यांनी खुराड्याच्या फटी बुजवल्या होत्या. तुरे गारठू नयेत म्हणून रोज प्रत्येकीच्या तुऱ्याला व्हॅसलीन. माझ्या लग्नात मला कुणी इतकं नटवलं नव्हतं.

आणि बल्ब. दिवस लहान झाला की कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात, म्हणून लोक खुराड्यात थोडा वेळ दिवा लावतात, दिवस मोठा झाल्यासारखं त्यांना वाटावं म्हणून. सासूबाईंनीही लावला. पण तो विझवायचा असतो हे काही त्यांच्या मनात आलं नाही. "वॉर्डातला दिवा कधी विझतो का?" त्यांच्या स्वतःच्या घरातही बोळातला दिवा रात्रभर जळत असतो. मी दिवसभर गिऱ्हाइकांना समजावत असते की शांत झोपेसाठी जाड पडदे लावा, उजेड येता कामा नये. पण माझ्याही डोक्यात काही शिरलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

सुरुवातीला अंडी भरपूर मिळाली. सासूबाई रोज छापखान्यात फोन करून लेकाला "सुखरूप आहे" असं ऐकवत होत्या आणि तो यंत्रांच्या खडखडाटात "बरं, बरं" करत होता. मग हळूहळू कोंबड्या चिडचिड्या झाल्या. एकमेकींची पिसं उपटू लागल्या. दारातलीने स्वतःचंच अंडं फोडून खाल्लं. कोपऱ्यातली अंग फुगवून भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, ना बसायची, ना खायची. आणि अंडी बंद झाली.

त्या आठवड्यात सासूबाईंचं तोंड बघवत नव्हतं. कोमट पाणी झालं, चिरलेला पाला झाला, सगळं झालं. दुकानातून दोन अंडी आणून गुपचूप पेंढ्यात ठेवावीत असं माझ्या मनात येऊन गेलं. पण जिने जन्मभर दुसऱ्यांची बाळं त्यांच्या त्यांच्या आयांकडे बिनचूक पोचवली, ती परकं अंडं ओळखणार नाही? मी तो नाद सोडला. आठवडा सरला. "बोलाव त्याला," त्या मला म्हणाल्या. "शब्द म्हणजे शब्द."

रविवारी नवरा आला तेव्हा दिवस कलून अंधार पडू लागला होता. बोचकं खरंच दाराशी बांधून ठेवलेलं होतं. वर चप्पल कागदात गुंडाळून ठेवली होती. ते बघून मला भडभडून आलं. पैज जिंकलेल्या माझ्या नवऱ्याचा चेहरा हरल्यासारखा झाला होता.

"आधी ड्यूटी हवाली करते," सासूबाई म्हणाल्या. पाळी संपली की नर्सने नव्या नर्सला घेऊन खाटेखाटेशी जायचं आणि एकेका पेशंटचं सांगायचं, ही त्यांची जुनी रीत. त्या मला घेऊन परसात निघाल्या. नवरा मागून पायरीवर त्यांचा दंड धरून उतरला.

"ही दारातली. अंडं फोडायची सवय लागलीय, पण रागावू नकोस, घाबरलीय ती. ही खिडकीची. मान उघडी पडलीय, वारा लागू द्यायचा नाही. आणि ही..." कोपऱ्यातलीपाशी त्या थांबल्या. तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "हिला दुखतंय कुठे तेच मला कळलं नाही. इतकी वर्षं काम केलं, पण हिचं नाही कळलं."

 नवरा वर बल्बकडे बघत होता. अंधार दाटला होता, आजूबाजूची सगळी परसं शांत झाली होती, आणि इथे सहाच्या सहा कोंबड्या टक्क डोळ्यांनी उभ्या होत्या.

"आई, हा रात्रभर असतो?"

"मग? अंधारात ठेवू त्यांना?"

"मला पण झोप यायची नाही त्या दिव्यात," तो म्हणाला.

मला आधी काही कळलं नाही. सासूबाईंना कळलं. सासरे गेले तेव्हा माझा नवरा शाळेत जायच्या वयाचा होता. सासूबाईंना रात्रपाळी असली की शेजारच्या काकू अधूनमधून डोकावायच्या आणि त्याने भिऊ नये म्हणून सासूबाई बोळातला दिवा लावून जायच्या. तोच तो दिवा.

"कधी बोलला नाहीस," त्या म्हणाल्या. "उठून विझवायचा की रे."

"तू लावून गेलेली असायचीस. विझवला असता तर तू खरंच घरात नाहीस असं वाटलं असतं."

"मग जागाच राहायचास? करायचास काय?"

"तुझी वाट बघायचो."

सासूबाईंनी प्लास्टरचा हात जाळीवर टेकवला आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, "विझव. पण एकदम नको. आधी त्यांना वर बसू दे."

आम्ही एकेकीला उचलून दांडीवर बसवलं. कोपऱ्यातलीने माझ्या हाताला चोचही मारली नाही. नवऱ्याने दिवा बंद केला. आत जराशी कुरकुर झाली, पिसांची खसखस झाली, आणि मग काहीच नाही. सासूबाई मात्र कडीवरचा हात काढेनात.

"तू आत जा, आई. मी बसतो इथे," तो म्हणाला आणि ती पालथी बादली ओढून बसला.

"आणि बोचकं?"

"ड्यूटी हवाली केलीस ना? मग आता पाळी माझी. पण पेशंट आजारी असताना सिस्टरने वॉर्ड सोडून कुठे जायचं नसतं. सोड ते बोचकं."

माझा नवरा तसा मुलखाचा झोपाळू. सुट्टीच्या दिवशी त्याला उठवायला मला भांडी आपटावी लागतात. पण दुसऱ्या दिवसापासून तो छापखान्यात जायच्या आधी, अंधारातच, आईच्या परसात हजर होऊ लागला. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. इथे हा तांबडं फुटायच्या आधी बल्ब लावून कोंबड्यांना उठवत होता. पाणी बदलायचा, पायरीवर राख टाकायचा, आईला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. उजाडलं की सासूबाई खिडकीतूनच सूचना द्यायच्या आणि स्वयंपाकघरातून बटण दाबून दिवा बंद करायच्या. रात्री कोंबड्या अंधारात झोपायच्या. आणि एकदा मी रात्री उशिरा गेले तेव्हा पाहिलं, बोळातला दिवाही बंद होता.

अंडी लगेच आली नाहीत. खिडकीचीच्या मानेवर नवीन पिसं फुटली, दारातलीचा राग निवला, तरी पेंढा रिकामाच. थंडी तर अशी पडली होती की नळातून पाण्याऐवजी बर्फच पडावा. पण आता आठवड्याचा हिशोब कुणीच करत नव्हतं.

मग एका दुपारी मी डबा खायला सासूबाईंकडे गेले होते, तेव्हा परसातून जुना ओळखीचा आरडाओरडा ऐकू आला. कोपऱ्यातली साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं कोकलत होती. मी धावत जाऊन अंडं आणलं, तपकिरी आणि अजून ऊबदार. सासूबाईंनी ते तळव्यावर घेतलं, एकदा उजेडात धरलं आणि मला फोन लावायला सांगितलं. पलीकडे यंत्रांचा खडखडाट चालू होता.

"सुखरूप आहे," त्या म्हणाल्या.

त्याला ऐकू गेलं नसावं. "काय? काय झालं, आई?" तो ओरडला.

"सुखरूप आहे रे. कोपऱ्यातली." मग त्यांनी ते कोमट अंडं माझ्या हातात दिलं. "आता नको जागूस. उद्या दिवसभर झोप काढ."

दुसऱ्या दिवशी तो रोजच्यापेक्षाही आधी उठला.