चार बोटं ढिली

शांताआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातांत केसांचे तीन पेड होते. शेलूला शेजारच्या घरातल्या मुलीला समोर बसवून मी वेणीचा सराव करत होते, आणि तोही आत्याच्याच हुकमावरून. फोन स्पीकरवर टाकला, तर पलीकडून आप्पा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "आक्का गेली गं..." हातातलं टाकून उठायला हवं होतं. पण वेणी अर्ध्यावर सोडायची नाही हा आत्याचा कायदा. दारात पाहुणा येवो नाहीतर दूध उतू जावो, शेंड्याला गाठ मारल्याशिवाय हात काढायचा नाही. मी ती वेणी शेवटपर्यंत घातली, काळ्या दोऱ्यानं शेंडा बांधला आणि मग त्या पोरीच्या पाठीमागे बसून भोकाड पसरलं. ती बिचारी मान न हलवता तशीच बसून राहिली.

आत्या आप्पांची थोरली बहीण. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, चौक गावात, तिच्या यजमानांचं ट्रकच्या सीटा शिवायचं दुकान होतं. ते वारले तेव्हा सगळे धरून चालले होते की आता शटर कायमचं खाली आलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्याच दिवशी आत्यानं साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवून शटर वर केलं. तिचं हिंदी ऐकून ड्रायव्हर लोक हसायचे, पण तिनं शिवलेली सीट उसवलेली कुणी दाखवावी! तिच्याकडं एक वाकडी सुई होती. ती रेक्झिनमध्ये एका बाजूनं शिरते आणि त्याच बाजूनं बाहेर येते, त्यामुळं आतल्या फोमला धक्का लागत नाही. त्याच सुईनं पुढं तिनं कर्जत-खालापुरातल्या कितीतरी पोरींच्या वेण्या शिवल्या. हो, शिवल्याच. आत्या वेणी घालायची नाही, शिवायची.

हे सुरू झालं माझ्यापासून. माझे केस गुडघ्यापर्यंत होते. आमच्या कुंभिवलीच्या वस्तीत 'ती केसवाली' म्हटलं की माझंच घर दाखवायचे. मी कर्जतला एका बाईंकडे भरतनाट्यम शिकत होते. वस्तीत नाच म्हणजे जयंतीला विहारासमोर होतो तो, एवढंच सगळ्यांना माहीत. पण आप्पांनी कारखान्यातल्या पाळ्या सांभाळत मला टमटमनं नेलं-आणलं, सात वर्षं. मग अरंगेत्रम ठरलं. म्हणजे शिकणाऱ्या मुलीचा पहिला मोठा जाहीर नाच, एकटीनं, दोन-अडीच तास. रंगीत तालमीला पार्लरच्या ताईंनी माझ्या डोक्यात डबाभर पिना खोचल्या, फुलं माळली, शेंड्याला गोंडे बांधले, आणि दुसऱ्याच नृत्याला ते सगळं ओझं सुटून माझ्या पायात आलं. बाईंनी आईला बाजूला घेऊन सांगितलं की केस कमरेपर्यंत कापून टाका, नाहीतर हिला हे जमायचं नाही. आई कबूल झाली. मी अन्नावर बहिष्कार टाकला. आप्पांनी काय करावं, तर चौकला जाऊन बहिणीला घेऊन आले.

आत्या आली, चहा घेतला, माझी वेणी तळहातावर घेऊन दोनदा वरखाली करून वजन पाहिलं. म्हणाली, "याला पिना काय करतील? याला शिवाया पायजे." कात्रीचा विषय तिथंच मिटला.

अरंगेत्रमच्या दिवशी वस्ती दोन टेंपो भरून कर्जतला आली. आत्यानं मला नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत बसवलं आणि कामाला लागली. आधी पेडांमध्ये सुती नाडा गुंफला, म्हणजे वजन केसांवर न येता नाड्यावर येतं. मग अबोलीचे गजरे एकेक करून वेणीला शिवले, त्या वाकड्या सुईनं. डोक्याला एकदाही टोचलं नाही. शेवटी नाचताना वेणी उडून तोंडावर येऊ नये म्हणून तिचा खालचा भाग कमरपट्ट्याला शिवून टाकला. ट्रकच्या सीटवर रेक्झिन ओढून बसवतात तसा एक हिसका दिला, सुरकुती म्हणून राहू दिली नाही. बाईंनी येऊन पाहिलं आणि म्हणाल्या, अशी वेणी मी आजवर पाहिली नाही. आत्या फुशारली. मीही. आरशात पाठ पाहायला मान तिरकी करायला गेले तेव्हाच जरा शंका यायला हवी होती, पण तिसरी घंटा झाली होती.

आता भरतनाट्यममध्ये सुरुवातीला काय असतं, तर भूमीला नमस्कार. गुडघे वाकवून खाली बसायचं, मान झुकवायची, हात जमिनीला लावून डोळ्यांना लावायचे. मी खाली बसले. हात जमिनीला लागले. मान मात्र जागची हलेना! वेणी कमरेला शिवलेली, ती मागून धरून बसलेली. मी जोर लावला तर डोळ्यांत पाणी आलं. अशी मी, ताठ मानेनं, समोर बघत, भूमीला नमस्कार करून उठले. बाईंनी टाळ वाजवता वाजवता असे डोळे वटारले की आजही आठवलं तरी घाम फुटतो. पुढचे दोन तास जे काही झालं ते ताठ मानेनंच झालं. गुरूंना नमस्कार, रसिकांना नमस्कार, सगळे ताठ.

कार्यक्रम संपल्यावर आमच्या वस्तीतले गोविंदबाबा उठले. विहारात कायम पहिल्या रांगेत बसणारा माणूस, ऐंशीच्या घरातला. कुणी बोलावलेलं नसताना काठी टेकत मंचावर चढले, माईक हातात घेतला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "आमची पोर येवढ्या मोठ्या मंचावर चढली, पन कुनापुढं मान वाकवली नाय. याला म्हनत्यात शिकवण!" आमच्या दोन टेंपोंनी टाळ्यांचा कडकडाट केला. आप्पांची छाती इतकी फुगली की मला त्यांना खरं सांगण्याचा धीरच होईना.

खरं काय ते आत्याला माहीत होतं. ती पडद्याआडून पाहत होती. परतताना टेंपोत ती माझ्याजवळ येऊन बसली, पदराचा बोळा तोंडात धरून, आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, हसतेय. मीही हसायला लागले. तर ती रडत होती. मग मला हसताना पाहून तीही हसू लागली, आणि कुंभिवली येईपर्यंत आम्ही दोघी आलटून पालटून दोन्ही करत होतो. मी म्हटलं, जाऊ दे गं आत्या, गोविंदबाबा तर खूश झाले ना. तेव्हा ती जे बोलली ते मी कधी विसरले नाही.

"म्हातारा खूश हाय तर खूश ऱ्हाऊ दे, त्याला काय सांगू नको. पन सुजे... वाकायचं का नाय ते पोरीच्या मनावर पायजे गं. शिवणीवर नाय."

गोविंदबाबांनी ती गोष्ट पुढं दर जयंतीला सांगितली, त्यांचे दिवस भरेपर्यंत. दरवर्षी माझी मान थोडी अधिक ताठ होत गेली. आत्या पहिल्या रांगेत बसून, पदर तोंडाला लावून, अत्यंत गंभीरपणे ऐकायची. माझ्याकडे बघायची नाही, कारण बघितलं असतं तर दोघींचं काही खरं नव्हतं.

त्या चुकीतून आत्याचं माप जन्माला आलं. बाई रागावल्या होत्या खऱ्या, पण वेणी तसूभर ढळली नव्हती हेही त्यांनी पाहिलं होतं. पुढच्या मुलीला त्यांनी आपणहून चौकला पाठवलं. मग एकीचं दुसरीला कळत, स्नेहसंमेलनाच्या, स्पर्धेच्या, अरंगेत्रमच्या लांब केसांच्या मुली त्या दुकानात येऊ लागल्या. बाहेर ट्रक उभा, आत आत्यानं जुनी ड्रायव्हर सीट लाकडी चौकटीवर ठोकून केलेली बैठक, लाल रेक्झिनची, आणि तिच्यावर पोर बसलेली. वेणी पुरी झाली की आत्या तिला उभी करायची आणि म्हणायची, "वाक. पार खाली वाक, कपाळ टेकव सीटला." पोर वाकली की वेणी तिच्या पाठीवर सोडायची, पाठ आणि वेणी यांच्यामध्ये आपली चार बोटं सरकवायची आणि तिथं खूण करायची. कमरपट्ट्याला शिवताना तेवढी ढील राखायची. "चार बोटं ढिली," असं पुटपुटल्याशिवाय तिची सुई चालायची नाही.

लोकांना ते माप कुठलं कळतंय! गावात बोभाटा झाला की शांताबाई पोरींना आपल्या पाया पाडते. ईश्वरी नावाची आठ वर्षांची मुलगी पहिल्यांदा आली, डोंगराखालच्या गावातल्या शेतकरी घरातली, तेव्हा तिची आजी दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आमची पोर वाकायची नाही म्हणाली. कुणापुढं आणि का, ते ती बोलली नाही, आणि आत्यानंही विचारलं नाही. तिनं आजीला गोडीगोडीत सीटवर बसवलं. तिच्या मूठभर पांढऱ्या केसांना नाडा जोडला, लांबलचक वेणी घातली, आणि एक हिसका देऊन कमरेला शिवून टाकली. मग आजीची चप्पल तिच्यासमोर ठेवून म्हणाली, आता उचला. आजी गुडघ्यातून खाली गेली, हात चाचपडले, पण मान हलेना. बाहेरचे ड्रायव्हर हसले, ईश्वरी हसली, शेवटी आजीलाच हसू फुटलं. त्या दिवसापासून नातीला घेऊन तीच यायची. पण पोर वाकली आणि आत्याची बोटं निघाली रे निघाली की हिचं सुरू, "माप झालं ना? चल ऊठ." एक क्षण जास्त नाही. आत्या मला नंतर डोळा मारायची.

अशी वर्षं गेली. मी नोकरीला लागले, लग्न करून शेलूला आले आणि एक दिवस केस खांद्यापर्यंत कापून टाकले. आत्या माझ्याशी महिनाभर बोलली नाही. गेल्या वर्षी आजारपणात तिचा उजवा हात लुळा पडला आणि दुकानाचं शटर बहुतेक वेळ खालीच राहू लागलं. त्यातच ईश्वरीचं अरंगेत्रम ठरलं. पोरीचे केसही आता गुडघ्याला टेकलेले. आत्यानं तिला लहानपणीच शब्द दिला होता की तुझी मोठी वेणी मीच शिवणार. एका रविवारी मला बोलावणं आलं.

आमची ती शेवटची भेट. आत्या दुकानामागच्या खोलीत खाटेवर बसली होती, उशीला टेकून, ईश्वरी सीटवर. मला म्हणाली, शब्द मी दिलाय, हात तू दे. मी म्हटलं, आत्या, मला माझे स्वतःचे केस सांभाळता आले नाहीत. "म्हनून तर तुझे हात रिकामे हायत," ती म्हणाली. तीन तास तिनं मला घोळसलं. पेड सैल पडले म्हणून दोनदा उसवायला लावलं, सुई उलटी धरली म्हणून डाव्या हातानं टपली दिली. शेवटी ईश्वरी वाकली आणि मी चार बोटं सरकवली. आत्यानं माझा हात जवळ ओढून घेतला, आपला हात त्याच्यावर ठेवून पाहिला. सुया-दोऱ्यांनी आणि रेक्झिननं जाड झालेली तिची बोटं, आणि माझी कीबोर्डवरची.

"तुजी बारीक हायत गं. माजी चार, तुजी पाच. पाच धर."

निघताना सराव कर म्हणाली, रोज कर. चारच दिवसांनी फोन आला.

वेणी टिकली, हे आधीच सांगून टाकते. गेल्या आठवड्यात कर्जतला ईश्वरी अडीच तास नाचली आणि एक फूल हललं नाही. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, मागच्या खोलीतलं. आप्पांनी चौकहून ती लाल सीट टेंपोत घालून आणली होती. मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनाच सुचलं. ईश्वरी तिच्यावर बसली. सुईत दोरा तिच्या आजीनं ओवून दिला. नाडा गुंफला, गजरे शिवले, गोंडे बांधले. मधेच वाटलं की आता टपली पडेल, आणि नाही पडली तेव्हा फार वाईट वाटलं. वेणी पुरी झाली. ईश्वरी उभी राहिली, वळली. समोर रिकामी सीट.

मी म्हटलं, वाक.

ती वाकली. गुडघे टेकले, दोन्ही हात सीटवर पसरले आणि लाल रेक्झिनला कपाळ लावलं. मी वेणी तिच्या पाठीवर सोडली, खाली बोटं सरकवली. पाच. सहज बसली. काळ्या दोऱ्यानं खूण केली. माप झालं होतं. मी आजीकडे पाहिलं, कारण आता तिचं ते नेहमीचं वाक्य येणार होतं, आणि बाहेर पहिली घंटाही झाली होती. ईश्वरी उठायचं नाव घेत नव्हती.

आजीनं डोळ्यांना पदर लावला. "ऱ्हाऊ दे गं जरा," ती मला म्हणाली. "घाई नाय."

मी बोटं तशीच वेणीखाली ठेवली.