अक्काची नखं

माझ्या विद्यार्थिनीने यावलहून केळीच्या वेफर्सचं पाकीट आणलं. ते प्रयोगशाळेबाहेर फोडलं, आणि त्या खमंग वासासरशी मला वीस वर्षांपूर्वीचं भुसावळ स्टेशन आठवलं.

माझी मोठी बहीण, अक्का, मला गाडीवर सोडायला आली होती. पिशवीत घरी तळलेले असेच वेफर्स होते. पूल चढताना ती तीनदा थांबली. "गुडघा दुखस," म्हणाली. मी घड्याळ बघत होते. दुसऱ्या दिवशी परिषदेत माझं भाषण होतं.

मी गाडीत बसल्यावर खिडकीशी उभं राहून तिने विचारलं, "इतला वरीस तू काय शोधस वं?"

"पेशींना प्राणवायू कमी पडला की त्या काय करतात, ते."

"मंग काय करतस त्या?"

"कमीत भागवतात. बरेच दिवस निभावून नेतात."

ती हसली. "मनासारखंच शे मंग." म्हणजे माझ्यासारखंच.

मीही हसले. खिडकीच्या गजांवरची तिची नखं निळसर काळी दिसत होती. जन्मभर केळीच्या बागेत राबलेली बाई, चिकाचे डाग असतील, असं मला वाटलं.

चार महिन्यांनी, ती गेली त्याच्या आदल्या दिवशी, जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची झडप केव्हाच निकामी झाली होती. "प्राणवायू कमी पडून नखं निळी पडलेली कुणाच्याच लक्षात आली नाहीत?"

"आमले काय समजस, साहेब," भाऊजी म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही काय करता?"

"कॉलेजात शिकवते," मी म्हणाले. काय शिकवते, ते सांगितलं नाही.